कलमाच्या गाण्याचं शेवटचं कडवं

इक्बाल,

समोरच्या कॅसेटवाल्या कुट्टीने आत्ताच तुझी कॅसेट परत लावली. आमची गल्ली एवढी अरुंद की स्पीकर वाजतो त्याच्या दुकानात आणि ऐकावा लागतो मला. तुला मातीत ठेवून आल्यापासून रोज हेच चाललंय. सुट्टीवर निघालेली आपली माणसं बाब अल बहरीनच्या बाजारात सोनं आणि कापड घ्यायला येतात, कुट्टीच्या दाराशी थबकतात, ऐकता ऐकता डोळे पुसतात आणि एकेक कॅसेट घेऊन जातात. तीन कडवी होतात, मग तुझी गिटार थोडी वाजते आणि थांबते. लोकांना वाटतं, गाणं संपलं.

ते संपलेलं नाही. त्या कॅसेटवर एक कडवं राहिलंय, आणि ते का राहिलं हे तुला माहीत होतं आणि मला. आता एकट्या मला.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असं सगळे म्हणतात. कबरस्तानातून परतताना तुझा मेव्हणाही म्हणाला, "सदाशेट, झालं गेलं विसरा आता." मी मान हलवली. पण विसरणारा माणूस या बाजारात दुकान चालवू शकत नाही. मला तुझ्याशी अजून भांडायचंय.

तू पहिल्यांदा आलास तेव्हा माझं दुकान म्हणजे एका कापडवाल्याच्या जिन्याखालची जागा होती. एक रेकॉर्ड प्लेअर, दोन टेपरेकॉर्डर आणि डोकं आपटू नये म्हणून वाकून बसणारा मी. भांडी घासण्यापासून सुरुवात करून त्या जिन्याखाली पोचलो होतो, त्यामुळे मला तो महाल वाटायचा. तू जुफैरच्या हॉटेलात इलेक्ट्रिशियन होतास. हॉटेलच्या टॉवेलात गुंडाळलेली एक रेकॉर्ड घेऊन आलास. तिथल्या नौदलाच्या तळावरचा कुणी अमेरिकन खलाशी मायदेशी परतताना तुला देऊन गेला होता.

"ही कॅसेटवर उतरवून दे," म्हणालास. मी भाव सांगितला.

"रेकॉर्ड माझी. मग पैसे कसले?"

"मशीन माझं, वीज माझी. आणि तुझ्याशी बोलण्यात वेळ चाललाय तोही माझाच."

"कुठला रे तू?"

"गुहागरकडचा."

"तरीच! मी दाभोळचा. मधे खाडी हाय म्हणून इतकी वर्षं वाचलो."

आणि तू टॉवेल गुंडाळून उठलास आणि चालू लागलास. ती चाल मी ओळखली, कारण मीही तीच चालायचो. हळू, मागे न बघता, कान मात्र मागे. बाजारात गिऱ्हाईक उठून गेलं आणि दुकानदाराने हाक मारली, की भाव गिऱ्हाइकाचा. हाक मारणारा हरला. त्यावर पुन्हा बोलणं नाही. तू गल्लीच्या टोकाच्या अत्तरवाल्यापर्यंत पोचलास तोवर मी दात आवळून बसलो होतो. पण त्या दिवशी दुसरं कुणी फिरकलं नव्हतं.

"ओ दाभोळ!" मी ओरडलो.

तू हसत परत आलास. तेव्हापासून तुझा माझ्यावर एक सौदा वर राहिला. तो मी पुढे कितीदा फेडला असेन, तरी तू सोडला नाहीस.

रेकॉर्डवर एक म्हातारा गात होता. खरखरीत गळा, एक गिटार, मागे कुणी नाही. मला इंग्रजी बाजारापुरतं येत होतं, म्हणून तू ओळीओळीला अर्थ सांगत होतास. एक माणूस काम शोधायला दूर चाललाय. निघताना दारात सफरचंदाचं झाड लावतो आणि बायकोला सांगतो, याला फळ धरेल तेव्हा मी येईन. शेवटच्या कडव्यात तो येतो. पण इतका उशिरा, की झाडाखाली बसलेल्या त्या म्हाताऱ्याला घरातलं कुणी ओळखत नाही.

मी म्हटलं, "हे गाणं इथे कोण विकत घेणार? आम्ही काय रडायला पैसे देऊ?"

तू म्हणालास, "बघ तू."

तू बरोबर निघालास. याचाही मला राग आहे.

मग तुला त्या गाण्याचं वेडच लागलं. वर्षभराने तेच गाणं एका बाईने गायलेलं घेऊन आलास. ती बायको होऊन गात होती. तिच्या शेवटच्या कडव्यात झाडाला फळं येतात, ती शेजारच्या पोरांना वाटून टाकते आणि दार लावून घेते. मग कुठल्याशा बँडची रेकॉर्ड आणलीस. त्यांनी ढोल बडवून गाणं नाचायला केलं होतं, आणि शेवटचं कडवं चक्क कापून टाकलं होतं. आणि तुमच्या हॉटेलातला फिलिपिनो गायक त्याच गाण्यात नवऱ्याला फळाच्या हंगामात सुखरूप घरी आणायचा. तू त्याला जाब विचारलास तेव्हा तो म्हणे हात जोडून म्हणाला, "मॅनेजर बोलतो, गिऱ्हाईक रडलं की दुसरा ग्लास मागत नाही."

"हा माणूस धंदा जाणतो," मी म्हटलं. "हेच खरं कडवं."

"खरं बाईचं हाय," तू म्हणालास. "तिनं दार लावलं, तिथं गाणं संपलं."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. दरवेळी कुणीतरी नव्या गळ्याने ते गाणं गायलेलं तू शोधून आणायचास, आणि सुई टेकायच्या आधी आपण पैज लावायचो, हा घरी पोचणार की नाही. मी सांगायचो पोचणार. तू सांगायचास नाही. तुझी बायको जैबुन दाभोळात, माझी माणसं गुहागरात. पोचणार की नाही, हा आपल्याला निव्वळ गाण्यातला प्रश्न नव्हता. पण ते आपण एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही.

एके दिवशी तू म्हणालास, "सदा, मी हे आपल्या बोलीत बसवणार."

आणि माझ्या दुकानात, माझ्या स्टुलावर बसून, माझा चहा पिऊन तू ते बसवायला लागलास. तोपर्यंत मी जिन्याखालून बाहेर आलो होतो. तेही तुझ्यामुळे, ते नाकारणार नाही. ज्याच्या नावावर परक्याला इथे दुकान काढता येतं, तो बहरीनी स्पॉन्सर तूच गाठून दिलास. नव्या दुकानाचं वायरिंग तू सुट्टीच्या शुक्रवारी केलंस, आणि मी मजुरी विचारली तेव्हा पक्कड माझ्या अंगावर उगारलीस. हे सगळं मला मान्य आहे. पण गाण्याचं माझं म्हणणंही तू मान्य करायला हवं होतंस.

तू पहिली ओळ केलीस, त्यात सफरचंद होतं.

"दाभोळात कुणाच्या दारात सफरचंद आहे?" मी विचारलं.

"मग नुसतं झाड घालू?"

"झाड म्हणजे कसलं? रायवळ आंबा लावून गेला असेल तर फळ नातू खाईल. कलम घाल. कलम चार-पाच वर्षांत धरतं. दोन काँट्रॅक्ट झाली की आंबा. मग बाईला वाट बघायला काहीतरी आधार राहतो."

तू ती ओळ खोडलीस. मग म्हणालास, "तू हलकट हायस, पण कलम दे."

ते कलम माझं, इक्बाल. 'पाणी घालत ऱ्हा' हेसुद्धा माझं. तू 'पाणी दे गो' म्हणत होतास. एकेका शब्दावर आपण घासाघीस केली. मी एक ओळ सोडायचो, तू एक सोडायचास. तू रागाने उठून जायचास, अत्तरवाल्यापर्यंत. मी हाक मारायचो. कधी मी माझ्याच दुकानातून उठून जायचो आणि तू माझ्या गल्ल्यावरून मला हाक मारायचास. तीन कडवी झाली. पहिलं तर आता सगळ्या बहरीनला पाठ आहे:

दारात लावलंय कलम गो, पाणी घालत ऱ्हा,
पहिला आंबा पिकंल तेव्हा माझी वाट पाहा.

चौथ्याला अडलं. तू म्हणालास: आंबा पिकला, गळून गेला, दार लाव गो. मी म्हटलं: आंबा पिकला, बोट लागली, दार उघड गो. त्या एका ओळीवर वर्ष गेलं. तू हटेनास, मी हटेना. "मी गातो तेव्हा मी ठरवणार," तू म्हणायचास. "गाणं ज्याच्या तोंडात, त्याचं." मी म्हणायचो, "आणि रेकॉर्डिंग ज्याच्या मशीनवर, त्याचं." ठरलं होतं ना आपलं? चारही कडवी जमली की माझ्याकडे रेकॉर्ड करायचं. मी त्यासाठी दुबईहून नवा माइक मागवला होता. तो तसाच खोक्यात होता.

सौदीला जोडणारा पूल तेव्हा अजून बांधून व्हायचा होता. चिपळूणचा एक ड्रायव्हर माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "शेट, ते इक्बालभाईचं कलमाचं गाणं द्या."

मी म्हटलं, "ते अजून झालं नाही."

"असं कसं? समोर कुट्टीकडे वाजतंय की. मला वाटलं तुमच्याकडे स्वस्त मिळेल."

मी गल्ला उघडा टाकून गल्ली ओलांडली. ऐकलं. माझं कलम, माझं पाणी, आणि कुट्टीचं मशीन. तू संध्याकाळी आलास तेव्हा मी भर गल्लीत काय काय बोललो, ते अत्तरवाल्यालाही पाठ असेल. तू फक्त एकदा बोललास. "सदाशेट, तुझ्या दुकानात गाणं ऱ्हात नाय, माल ऱ्हातो." आणि चालू लागलास. तीच हळू चाल. अत्तरवाल्यापाशी तुझे पाय थोडे रेंगाळले, हे मी पाहिलं.

मी हाक मारली नाही. का मारावी? चूक तुझी होती.

दोन उन्हाळे गेले. तुझं नाव कुणी काढलं की मी विषय तोडायचो. त्यामुळे तू मुंबईला जाऊन घशाचं ऑपरेशन करून आलास, हेही माझ्यापर्यंत आलं नाही. तू सलमानिया हॉस्पिटलच्या वॉर्डात असल्याचं कळलं ते तुझ्या मेव्हण्याकडून, तेही बाजारात अचानक गाठ पडली म्हणून.

मी आलो. गळ्याभोवती फडकं, खांदे उशीत बुडालेले, बाजूला स्टीलचा पेला. तू डोळे उघडलेस आणि कुजबुजलास. कुजबुजण्यापलीकडे तुझ्याकडे आवाज उरला नव्हता.

"आलास?"

"भांडायला आलोय."

"मग बस. उभ्यानं दमशील."

मी विचारलं, कुट्टीकडे का? तू एकेक शब्द जोडत सांगितलंस. डॉक्टर म्हणाला होता, कापल्यावर आवाज राहील याची खात्री नाही. हातात आठवडा होता. "तुझ्याकडे आलो असतो, तर तू ओळीओळीला थांबवलं असतंस. आठवड्यात पहिलं कडवंबी झालं नसतं."

"मला सांगायचंस तरी, की घसा जातोय!"

"सांगितलं असतं तर तू गप बसून सगळं मान्य केलं असतंस." तू थोडा दम घेतलास. "तसला सदा मला नको होता."

मी तुझ्या पेल्यात पाणी ओतलं.

"आणि चौथं का नाही गायलास? तुझंच घालायचंस ना. मशीन कुट्टीचं, तोंड तुझं."

"त्याचा भाव कुठं ठरलावता?"

इक्बाल, आवाज जाणार हे माहीत असताना, आयुष्यात एकदाच गायला मिळणार हे माहीत असताना, तू चौथं कडवं सोडून दिलंस, कारण माझ्याशी ठरलं नव्हतं. आणि मी दोन वर्षं तुला चोर म्हणत होतो. हे ऐकल्यावर मला आणखीनच राग आला. असा हिशोब कोण करतं?

तू हाताने जवळ बोलावलंस. "मधला काढलाय. ऐक. आंबा पिकला, दिवा ठेव गो, वाटेत हाय मी."

आलेला नाही आणि न आलेलाही नाही. वाटेत. तुझं अर्धं, माझं अर्धं. इतका चोख भाव मी बाजारात कधी ऐकला नव्हता. मला तो तिथल्या तिथे पटला.

आणि मी बाजारी अरबीत म्हटलं, "मफी. जमणार नाही. बोट लागलीच पाहिजे."

ते का म्हटलं, ते तुला कळलं का? सौदा मिटला की गिऱ्हाईक थांबत नाही, इक्बाल. पिशवी उचलतं आणि जातं. एक ओळ अडकवून ठेवली तर तू उद्यापर्यंत राहशील, परवापर्यंत राहशील, असा माझा हिशोब होता. तुला मी ओळखतो. अर्धवट सौदा टाकून तू कुठे जायचा नाहीस. म्हणून मी उठलो आणि चालू लागलो. हळू. मागे न बघता. उद्या येऊन 'दिलं' म्हणणार होतो.

वॉर्डाच्या दारापर्यंत आलो तेव्हा मागे कुठेतरी भांडं वाजल्यासारखं झालं. कुणीतरी नर्सला बोलावत असेल, असं वाटलं. मी जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मेव्हणा आला. त्याने काही सांगायची गरज पडली नाही.

मग इतके दिवस मी हेच धरून बसलो होतो, की तू मला हाक मारली नाहीस. तुला नियम माहीत होता. आवाज नव्हता तर हात होता, शेजारचा पेशंट होता. मी उठून गेलो आणि तू जाऊ दिलंस, असा माझा तुझ्यावरचा शेवटचा राग होता. आणि खरं सांगतो, त्या रागावर मी बरा चाललो होतो.

काल दुपारी बाजार बंद झाल्यावर कुट्टी गल्ली ओलांडून आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या दारात चप्पल काढून उभा राहिला, जणू देवळात आलाय.

"शेट, एक बात करना था. वो गाने का चौथा है ना?"

"तुम को कौन बोला?"

"इक्बालभाई बोला था. मैं बोला पूरा गाओ, टेप बहुत है. वो बोला, नहीं, चौथा सदाशेट के साथ का मामला है." त्याने रुमालाने मान पुसली. "लोग गाँव ले जाता है कॅसेट. आधा गाना जा रहा है, शेट. मेरे को अच्छा नहीं लगता. तुम गाओ. मेरे पास नहीं तो अपने पास गाओ. मैं अपना मास्टर देता."

मास्टर देतो म्हणाला! ज्याच्यावरून सगळ्या कॉप्या निघतात ती कॅसेट, फुकट. याला धंदा कळत नाही हे मी नेहमीच म्हणत आलो. मी त्याला हाकलायलाच उठलो होतो. तेवढ्यात तो म्हणाला:

"उस दिन मैं भी गया था हॉस्पिटल. तुम नीचे उतरता था, मैं लिफ्ट से ऊपर. इक्बालभाई ग्लास बजाता था पलंग पे. जोर जोर से. मैं समझा पानी माँगता. पानी दिया, तो नहीं पिया. दरवाजा देखता था."

म्हणजे हाक आली होती. मी ती ऐकलीसुद्धा होती. पलंगाच्या दांडीवर आपटलेला पेला, जोर जोर से.

आणि बाजाराचा नियम तुला माझ्याइतकाच पाठ होता. उठून गेलेल्याला हाक मारली की भाव त्याचा. म्हणजे तू माझी ओळ मान्य केली होतीस. बोट लागली, दार उघड गो. वर्षानुवर्षं ज्यासाठी भांडलो, ते तू पेला बडवून मला देऊन टाकलंस. मी जिंकलो, इक्बाल. आणि जिंकलेला माल हातात घेऊन मला कळेना, की हा कुठे ठेवू. तू इथल्या मातीत आहेस. दाभोळात कुठली बोट लागणार?

की तुला आणखी काही सांगायचं होतं? की खरंच पाणी हवं होतं? हे मला आता कोण सांगणार!

आज दुपारी बाजार बंद झाला तेव्हा मी तो दुबईचा माइक खोक्यातून काढला आणि गल्ली ओलांडली. कुट्टीच्या मागच्या खोलीत भिंतींना जुने गालिचे ठोकलेत. तू तिथे बसून गायलास ते स्टूल त्याने दाखवलं. मी त्यावर बसलो नाही. माझा आवाज कसा आहे ते तुला माहीत आहे. तू म्हणायचास, हा गळा फक्त गिऱ्हाईक पळवायला बरा. असू दे. तो म्हातारा गायला, ती बाई गायली, तो बँड गायला, तुमचा फिलिपिनो गायला, तू गायलास. प्रत्येकाने माणसाला आपापल्या ठिकाणी सोडलं. आता माझी पाळी.

कुट्टीने तुझं तिसरं कडवं संपेपर्यंत वाजवलं, गिटार थांबली, आणि त्याने बोट वर केलं. "यल्ला, शेट."

मी तुझी ओळ गायली. मधली.

आंबा पिकला, दिवा ठेव गो, वाटेत हाय मी.

तू माझा भाव मान्य केलास, मी तुझा. दोघेही एकाच सौद्यात हरलो. बाजारात कुणाला सांगितलं तर विश्वास ठेवणार नाही.

कुट्टी बटण दाबायला वाकला. मी त्याचा हात धरला.

"चलने दो थोडा," म्हटलं.

"खलास हो गया ना, शेट?"

"चलने दो."

टेप फिरत राहिली. गल्लीत कुणी नव्हतं. मी दाराकडे पाठ करून उभा राहिलो, मागे न बघता, कान मात्र मागे.